पल्याड ठेका, अल्याड गुन्हा

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. आपली कहाणी सांगायला बसणाऱ्या वस्तू बहुधा गरीब स्वभावाच्या असतात. फाटकी छत्री रडते, मोडकी खुर्ची उसासे टाकते. माझ्याकडून तसलं काही मिळायचं नाही. मी काळ्या दगडाचा आहे, वजनाला चार किलो आहे आणि ठेचणं हाच माझा धंदा आहे. मी मिरच्या ठेचल्या, लसूण ठेचला आणि माणसाची हाडंही मोडली. ती कशी मोडली, तेच तुम्हांला सांगायचं आहे.

सध्या माझा मुक्काम एका पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत आहे. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू या खोलीत ठेवतात. माझ्या डाव्या बाजूला रक्त वाळलेली कुऱ्हाड आहे, उजव्या बाजूला चोरीचा पाण्याचा पंप. माझ्या कमरेला सुतळी बांधली आहे, सुतळीला चिठ्ठी आहे आणि गाठीवर लाखेचं सील. चिठ्ठीवर आरोपी म्हणून पुंजाजीचं नाव आहे. ते वाचलं की मला राग येतो.

माझा जन्मच मारझोडीतला. मोर्शीकडच्या एका खाणीत सुरुंग उडाला, कातळ फुटला आणि मी एका ओबडधोबड तुकड्याच्या रूपानं खाली येऊन पडलो. मग एका पाथरवटानं मला मांडीखाली दाबून छिन्नीनं तासायला घेतलं. दोन दिवस तो मला मारत होता. मध्ये एकदा हातोडा चुकला आणि त्याचा स्वतःचा अंगठा फुटला. त्यानं अंगठा तोंडात धरला, एक शिवी हासडली आणि पुन्हा मारायला लागला. घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला देवपण आलं नाही, पण गोल आकार मात्र आला.

पुंजाजीनं मला बाजारातून घेतलं. पुंजाजी जातीचा माळी. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं दीड एकर ओलिताचं शेत. त्यात झेंडू, शेवंती आणि थोडी वांगी. त्याची बायको गोदाबाई फुलं विकायची, आणि घरी आली की माझ्याखाली हिरव्या मिरच्या अशा रगडायची की शेजारच्या घरात ठसका जायचा. त्या घरात मी सुखी होतो. ठेचा खाऊन पुंजाजीच्या डोळ्यांतून पाणी यायचं आणि तरी तो आणखी मागायचा.

आता मित्रांनो, आमच्या भागातली एक गंमत सांगतो. पुढं तिचाच फास झाला.

पुंजाजीच्या गावाजवळून एक नदी जाते. उन्हाळ्यात तिच्यात म्हैससुद्धा नीट बुडत नाही. पण सरकारनं तिच्यावर मोठं काम सोपवलं आहे. तिच्या अल्याड महाराष्ट्र आहे आणि पल्याड मध्य प्रदेश. लोक आमचेच, बोली तीच, सोयरीकही इकडून तिकडे होते. कायदा मात्र पाण्यात पाय घातला की बदलतो. पल्याड भांगेचं दुकान उघड्यावर असतं. सरकार त्याचा ठेका देतं, दुकानावर पाटी असते, भिंतीवर परवाना टांगलेला असतो. तीच भांगेची गोळी घेऊन तुम्ही अल्याड आलात आणि जवळ परवाना नसला, तर तो गुन्हा होतो. गांजा मात्र दोन्ही काठांवर बंद. आणि झाड तर एकच! पान वाटलं तर भांग, फुलोऱ्याचे शेंडे घेतले तर गांजा. पानाचं काय करायचं ते ज्यानं त्यानं आपल्या राज्यात ठरवावं, शेंड्यांना मात्र देशभर एकच कडक कायदा. हे सगळं वकिलांना नीट समजतं. माझ्या मालकाला ते अर्धंच समजलं होतं.

पल्याडच्या काठावर कपारीत महादेव आहे. महाशिवरात्रीला तिथं आठ दिवस यात्रा भरते. वऱ्हाडातून माणसांचे लोंढे येतात आणि नदी ओलांडून दर्शनाला जातात. त्या यात्रेत रामराव नावाच्या ठेकेदाराचं भांगेचं दुकान लागायचं आणि त्या दुकानात वाटायला दरवर्षी पुंजाजी जायचा. पाटा रामरावचा असे, पण वरवंटा पुंजाजी घरचाच नेई. न्हाव्याला जसा आपलाच वस्तरा लागतो, तसा वाटणाऱ्याला आपलाच वरवंटा लागतो.

माझी कीर्ती त्या यात्रेत झाली. भांग वाटण्याची एक जुनी परीक्षा आहे. भिजवलेलं पान, मिरी, बडीशेप, मगज असं सगळं पाट्यावर घ्यायचं आणि रगडत राहायचं. वाटण इतकं बारीक आणि चिकट झालं पाहिजे, की वरवंटा उभा दाबून उचलला तर पातळ पाटा त्याला चिकटून वर उठावा. भल्याभल्यांना हे जमत नाही. पुंजाजीला तासाभरात जमायचं. पाटा उठला की बघायला जमलेले लोक ‘हर हर महादेव’ म्हणायचे आणि मी आतल्या आत फुगायचो. वीस वर्षं हे असंच चाललं. पुंजाजी स्वतः वर्षातून एकच गोळी घ्यायचा, तीही शेवटच्या दिवशी. अल्याड येताना तो हात घासून घासून धुवायचा. कायदा त्याला एवढा माहीत होता.

तीन वर्षांपूर्वीच्या यात्रेत रामरावचं परवान्यातलं पान चौथ्याच दिवशी संपत आलं. गर्दी तर वाढतच होती. दुपारी मनोजनं एक नवं पोतं आणून टाकलं. मनोज म्हणजे रामरावचा उजवा हात, आणि तो हात बहुतेक वेळा मुठीतच असायचा. ते घमेल्यात आधीच्या पानात मिसळून भिजवलं गेलं आणि पुंजाजीनं तेच वाटलं. गर्दी इतकी होती की त्यानं खाली बघितलंच नाही. मीही बघितलं नाही, मला कौतुकाची सवय झाली होती.

त्या दुपारी तेल्हाऱ्याकडून आलेल्या एका पोरानं आमच्या दुकानातली भांगेची दोन पेले ठंडाई घेतली. त्याचं नाव अंकुर. वय चोवीस, पुढच्या महिन्यात लग्न. सोबत त्याचे वडील किसनराव होते. घरची कापसाची शेती, साधी माणसं. अर्ध्या तासानं अंकुर ओरडायला लागला की आपला गळा कोणीतरी आवळतंय. मग त्यानं समोरच्या माणसाचा गळा धरला. समोर त्याचा बाप होता. अंकुरची बोटं किसनरावांच्या मानेत रुतली, त्यांचे डोळे बाहेर आले. चौघांनी मिळून त्याला ओढलं. एकाच्या हाताला तो चावला आणि मांसाचा लचका तोडून निघून गेला. तो खडकांवरून पळत सुटला आणि पायऱ्यांच्या टोकावरून खाली दगडांवर पडला. तो आवाज मी दुकानातून ऐकला. दगडावर डोकं फुटल्याचा आवाज दगडाला ओळखता येतो.

लोक म्हणाले, जास्त झाली असेल. कागदावर अपघात लिहिला गेला. किसनराव मानेवर मुलाच्या बोटांचे वळ घेऊन प्रेताशेजारी बसले होते आणि येणारा जाणारा म्हणत होता, पेताड होता पोरगा. त्या दिवशी पुंजाजी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा वाटायला बसला आणि पाव तासातच मी पाट्याला चिकटलो. पुंजाजीनं मला ओढून काढलं. पुन्हा दोन हात रगडलं, पुन्हा चिकटलो. साध्या पानाला इतका चीक नसतो. वीस वर्षांच्या हाताला ते कळलं आणि माझ्या अंगालाही कळलं. त्यानं घमेल्यात हात घालून खालचा माल वर काढला. पानं थोडी होती. बाकी सगळे बियांसकट फुलोऱ्याचे शेंडे होते.

“रामराव, ह्यात गांजा हाय,” पुंजाजी म्हणाला. “त्या पोराले आपण मारलं.”

रामरावनं भिंतीवरच्या परवान्याकडे बोट दाखवलं आणि गुमान वाटायला सांगितलं. पुंजाजी उठला. घमेलं नदीत ओतून द्यावं असं त्याच्या मनात आलं होतं, हे त्यानं नंतर सांगितलं. पण नदीत ओतलं तर पुरावा जाईल आणि अंकुर जन्मभर पेताडच राहील, असा त्यानं विचार केला. दुकानात ठेवलं तर आणखी कोणी पिईल. म्हणून त्यानं घरून सोबत आणलेली गोदाबाईची फुलांची टोपली ओढली आणि सगळा ओला माल तिच्यात भरायला घेतला. तीन किलोंच्या वर भरला.

मनोजनं पहिली लाथ पाठीत घातली. मग आणखी दोघे आले. पुंजाजी तोंडावर पडला, त्याचा ओठ फाटला, एक दात पाट्यावर येऊन पडला. तरी त्यानं टोपली सोडली नाही. तेव्हा मनोजनं त्याचा उजवा हात पाट्यावर दाबून धरायला लावला आणि मला उचललं.

मित्रांनो, मला पाय नाहीत, मला हात नाहीत. कोणी उचललं की मी उठतो, आपटलं की पडतो. मी त्या बोटांवर तीनदा पडलो. ज्या तळहाताच्या घट्ट्यांनी मला गुळगुळीत केलं, तो तळहात माझ्याखाली कडकड मोडला. पुंजाजी ओरडला ते मला अजून ऐकू येतं. मी लाजलो, पण दगडाची लाज दिसते कोणाला?

मग मनोज मला खाली ठेवून हसला, आणि तिथं चुकला. पुंजाजीनं मला डाव्या हातानं उचललं आणि घातलं त्याच्या खांद्यावर. मनोजचं गळ्याजवळचं हाड मोडलं. खोटं कशाला बोलू, तो घाव मला आवडला. मनोज पाट्यावर आडवा पडला, बाकीचे दोघे मागं सरले आणि पुंजाजीनं मला टोपलीत टाकलं. एका हातानं टोपली डोक्यावर चढवली आणि तो थेट नदीत उतरला.

इथं माझ्या मालकाची चूक झाली. पल्याडच्या पोलिसांकडे तो गेला नाही. ते रामरावच्या दुकानातला चहा पितात, हे त्यानं वीस वर्षं बघितलं होतं. अल्याड आपला तालुका, आपली चौकी, आपली माणसं, असं त्याला वाटलं. गुन्हा पल्याड घडला होता. पण पुरावा डोक्यावर घेऊन तो गुडघाभर पाण्यात आला, तसा त्या टोपलीचा धनी बदलला. अर्ध्या नदीपर्यंत तो माल रामरावचा होता, पुढं तो पुंजाजीचा झाला.

अल्याडच्या काठावर यात्रेपुरती उभारलेली पोलीस चौकी होती. तिच्याशेजारीच गोदाबाई बेल आणि झेंडू विकायला बसली होती. रक्तानं भरलेला नवरा आणि डोक्यावर आपली टोपली बघून ती किंचाळत उठली. पुंजाजीनं टोपली साहेबांच्या टेबलासमोर ठेवली आणि जप्त करा म्हणाला.

त्यांनी केली. त्याच्यासकट केली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. कुठून आणलं? पल्याडहून. कोणी आणलं? मीच. काय आहे हे ठाऊक आहे? हो, गांजा आहे. एवढ्या तीन उत्तरांत कागद पुरा झाला. पुढं तो अंकुरचं सांगत होता, रामरावचं सांगत होता, पण ते ऐकायला कोणी बसलं नव्हतं. एका शिपायानं घेणारा कोण ते विचारत त्याच्या कानाखाली वाजवली. मग मोडक्या हातावरच काठी मारली. यात्रेत एवढा माल पकडला म्हणून फोटो निघाले. फोटोत टोपली आहे, मी आहे, आणि मागं फाटक्या ओठांचा पुंजाजी मान खाली घालून उभा आहे. तिकडे पल्याड मनोजनं तक्रार दिली, मारहाणीचा गुन्हा नोंदला गेला. एका काठावर माझा मालक तस्कर झाला आणि दुसऱ्या काठावर गुंड. रामरावचं दुकान दुसऱ्या दिवशी सकाळी उघडलं. त्याची वही चोख होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण कोणीतरी आमच्याच नदीवर बसून केली असावी.

खटला जिल्ह्याच्या कोर्टात दोन वर्षं चालला. मला तिथं दोनदा नेलं. पुंजाजीचा हात वाकडा जुळला होता, बोटं अर्धवट मिटून तशीच राहिली होती. पहिल्या तारखेपासून एक माणूस मागच्या बाकावर येऊन बसायचा. ते किसनराव होते. तेल्हाऱ्याहून आधी अकोला, मग अमरावती असा एसटीचा प्रवास करून यायचे. आपल्या मुलाला पाजणाऱ्याला शिक्षा होताना बघायचं, एवढ्यासाठी. गोदाबाई त्यांची नजर चुकवायची.

पुंजाजीच्या वकीलबाईंनी गोदाबाईला समजावलं होतं. तपासणीचा अहवाल आला होता. माल गांजाच होता आणि पाण्यानं भिजलेलं वजनही मालातच धरलं होतं. आता एकच वाट उरली होती. पुंजाजीनं कोर्टात सांगायचं की मला ते भांगेचं पान वाटलं, गांजा आहे हे मला माहीत नव्हतं. चौकीत जे बोललो ते मार खाऊन घाबरून बोललो. सुटण्याची शाश्वती नाही, पण आशा आहे. गोदाबाईनं त्याच्या पायावर डोकं ठेवून तेवढं म्हणायची शपथ मागितली. पुंजाजीनं तिला डाव्या हातानं उठवलं.

त्याला विचारायची वेळ आली तेव्हा मी समोरच्या टेबलावर होतो. न्यायाधीशांनी विचारलं, टोपलीत काय आहे हे तुम्हांला ठाऊक होतं का?

पुंजाजीनं वळून मागच्या बाकाकडे बघितलं. किसनरावांच्या मानेला उपरणं गुंडाळलेलं होतं.

“मले मालूम होतं साहेब,” तो म्हणाला. “म्हणून तं उचलून आणलं. पान म्हटलं तं मी सुटन, पण मंग त्या पोराचं काय? तो पेताड नोता. त्याले गांजा पाजला, अन् वाटला म्या.”

वकीलबाईंनी डोळे मिटले. गोदाबाई बाकावरून खाली बसली. कोर्टानं कायद्यात होतं तेच केलं. चार वर्षं सक्तमजुरी.

पुंजाजीला नेत असताना किसनराव उठले. ते आता मारतील असं मला वाटलं आणि तसं केलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. ते पुंजाजीच्या समोर गेले, त्याचा वाकडा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गर्दीत उभे राहून ढसाढसा रडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या मुलाबद्दल खरं बोललं होतं.

त्यानंतर किसनराव आणि गोदाबाई दोघं मिळून नदी ओलांडून पल्याडच्या ठाण्यात गेले. हे मला पंजाबरावांच्या बोलण्यातून कळलं. पंजाबराव म्हणजे आमच्या खोलीची किल्ली सांभाळणारे हवालदार. पल्याडच्या ठाण्यात आता नवे साहेब आले आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बाई, तक्रार घेतो, पण माल रामरावच्या दुकानातलाच होता हे दाखवणारं काही आहे का? टोपलीतला माल कोर्टाच्या हुकमानं जाळून झाला होता. गोदाबाईनं सांगितलं, वरवंटा आहे. मग मला मागून घ्यायला एका राज्याच्या ठाण्यानं दुसऱ्या राज्याच्या ठाण्याला पत्र लिहिलं. ते पत्र कुठल्यातरी टेबलावर आहे. नदी ओलांडायला माणसाला पाच मिनिटं लागतात. कागदाला किती लागतात ते सांगता येत नाही.

आणि इकडे माझ्याबद्दलचा हुकूम आला आहे. निरुपयोगी वस्तू, विल्हेवाट लावावी. पंजाबराव वाईट माणूस नाहीत. कुऱ्हाडीवर धूळ बसली तर तीसुद्धा ते फडक्यानं पुसतात. त्यांनी काल मला हातात घेऊन वजन बघितलं. असा दगड आता मिळत नाही, फोडण्यापेक्षा घरी नेऊ, बायको खूश होईल, असं ते दुसऱ्या हवालदाराला सांगत होते. त्यांनी खोलीच्या दाराशी पाण्याची बादली आणून ठेवली आहे. बादलीत घासणी आहे.

मित्रांनो, पुस्तकातल्या वस्तू शेवटी तुम्हांला हात जोडतात, आम्हांला जपा, आम्हांला स्वच्छ ठेवा म्हणतात. मलाही हात असते तर मी जोडले असते. माझ्या अंगावर पाथरवटानं ठोकलेले बारीक खड्डे आहेत. त्यांत रामरावच्या दुकानातली मिरी आणि बडीशेप आहे, तिच्यात कालवलेला गांजा आहे, आणि त्यावर माझ्या मालकाचं रक्त वाळलेलं आहे. पल्याडच्या साहेबांना जे हवं आहे ते सगळं या खड्ड्यांत आहे, दुसरीकडे कुठेही नाही. तुमच्यापैकी कोणी पंजाबरावांच्या घरचं असेल, ओळखीचं असेल, तर आज जाऊन त्यांना एवढंच सांगा. पत्र येईपर्यंत मला धुऊ नका.